हीटर लावल्यामुळे

११ फेब्रुवारी

प्रिय बंधुराज,

सात आठवडे तुझा एकही फोन उचलला नाही, त्याबद्दल माफ कर. रागावले त्याबद्दल माफी मागत नाही. राग अजून आहे, आणि तो घेऊनच लिहायला बसले आहे.

आई सध्या दोन स्वेटर, त्यावर शाल, अशी खुर्चीत बसते. खोलीतला हीटर तिने स्वतःच्या हाताने काढून कपाटात ठेवला. लावू का विचारलं, तर म्हणते, मला नाही बाई थंडी वाजत. बोटं मात्र निळी पडलेली असतात. परवा तिला दाताच्या डॉक्टरकडे नेताना मी गाडीतला हीटर लावला, तर तिने हात पुढे करून तो बंद केला आणि उरलेला रस्ताभर खिडकीबाहेर बघत राहिली. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई स्वतःला शिक्षा करते आहे. ती शिक्षा तू सुनावलीस.

मावशीच्या घरी, उंबऱ्याशी चपलांचा ढीग, आई आणि मी मावशीचा श्वास थांबल्यावर पस्तीस मिनिटांनी पोचलेलो, आई अजून मावशीच्या पायांशीही गेली नव्हती. आणि कुणीतरी विचारलं, एवढा उशीर का झाला? तू पटकन उत्तर दिलंस. हीटर लावल्यामुळे बॅटरीची रेंज पडते ना, मध्ये चार्जिंगला थांबावं लागलं. शोरूममध्ये गिऱ्हाइकाला सांगतोस त्याच सुरात! आईने ते ऐकलं. हीटर लाव, पाय गार पडलेत, असं तीच मला म्हणाली होती.

आता आकडे ऐक. तू हसशील. ताई, गाडी आहे ती, पेशंट नाही, किती चार्ट लिहिशील, असं तू गाडीतल्या माझ्या वहीला नेहमी म्हणतोस. प्रयोगशाळेत वीस वर्षं काढलेल्या बाईची खोड आहे, जायची नाही. त्या सकाळी मावशीच्या घरून फोनवर तू विचारलंस, किती दाखवतेय? मी म्हटलं, फुल चार्जवर दोनशे बारा किलोमीटर. तू म्हणालास, इथवर एकशे पासष्ट तर आहे, डोळे झाकून निघ. पण त्याआधीचे चार दिवस ती गाडी कोण चालवत होतं? तूच. शहरात, दुपारच्या उन्हात, तिशीच्या वेगाने. गाडी मागच्या सवयीवरून पुढचा रस्ता सांगते. तिला काय ठाऊक, की आज तीन डिग्री थंडी आहे, समोरून वारा आहे आणि शेवटचे चाळीस किलोमीटर चढ आहे? तुला ठाऊक होतं. तू गाड्या विकतोस.

आणि मलाही ठाऊक होतं. ऑगस्टच्या पानावर माझ्याच अक्षरात आहे: भाऊ गाडी वापरून गेला की आकडा फुगतो, पाचवा हिस्सा वजा करावा. त्या सकाळी वही उघडली नाही. मावशी जेमतेम दुपारपर्यंत टिकेल म्हणालास, तेवढंच कानात राहिलं.

शंभर किलोमीटरला चोवीस टक्के उरले, तेव्हा थांबले. चार्जरवर एक गाडी आधीच लागलेली. एक तास वीस मिनिटं गेली. आई गाडीत पदराचा काठ बोटाला गुंडाळत बसली होती.

मागच्या महिन्यात, एका रविवारी, तसल्याच थंडीत मी एकटी त्याच रस्त्याने गेले. हीटर बंद, हातमोजे घालून, त्या दिवशीच्याच वेगाने, म्हणजे एकशे पाच. त्याच चार्जरपाशी तेहतीस टक्के उरले. पुढच्या चढाला अठ्ठेचाळीस लागले. म्हणजे आई कुडकुडत बसली असती तरी थांबावंच लागलं असतं. हीटरने नऊ टक्के खाल्ले, ते मी लपवत नाही. पण उशीर त्याने केला नाही.

इथेच थांबले असते, तर हे पत्र फक्त तुझ्यावर आग पाखडणारं झालं असतं. बरं वाटलं असतं. पण पुढच्या रविवारी पुन्हा गेले. या वेळी हीटर लावून, आईला आवडतो तेवढा, आणि वेग ऐंशी. वारा तसाच समोरून. कुठेही न थांबता मावशीच्या दारात पोचले. सात टक्के शिल्लक. दोन तास सात मिनिटं. त्या दिवशी असेच आलो असतो, तर मावशी दहा मिनिटं तरी आईच्या हातात हात देऊन असती.

मावशीच्या बंद दारासमोर गाडीतच बसून राहिले. हीटर चालू होता. उशीर माझ्या पायाने केला होता, लवकर पोचायच्या नादात.

हे कळून दहा दिवस झाले. या दहा दिवसांत आईला मी एवढंच सांगितलं, की हीटरमुळे काही झालं नाही गं. ती म्हणते, तू माझी समजूत काढतेस, त्याला गाड्यांतलं कळतं. आणि मी गप्प बसते, कारण पुढचं वाक्य माझ्याबद्दल असणार आहे. तू एका वाक्यात तिच्यावर ओझं टाकलंस, मी दहा दिवस ते तिच्या अंगावर राहू दिलं. जास्त वाईट कोण, ते ठरवत नाही. म्हणून लिहिते आहे: रविवारी ये. फोनवर नको, समोर बसून तिला सांग, की तू न विचार करता बोललास, हीटर नव्हता. तुझं तिला पटेल. माझ्या वाटणीचं मी सांगते, तुझी वाट न बघता.

तुझीच, अजून रागावलेली,
ताई

(वहीत) उद्या: आईच्या खोलीत हीटर लावून, तिच्यासमोर बसून वेगाचं सांगायचं.