थाळी सहाची की पंधराची

१३ मे, मंगळवार

छुन् — छुन् — मग थांबून एकदाच, छुन्! आमची मेघा रांगायची तेव्हा चांदीचे वाळे असे वाजायचे. एक्कावन्न वर्षं झाली. आज चितेगावच्या शेतातल्या खोलीत बसून पुन्हा ऐकतोय.

दहा महिन्यांची होती. तापात गेली. एवढंसं लेकरू, म्हणून इथंच पुरलं. वाळे तिच्या आईनं, सत्यभामेनं, काढूच दिले नाहीत. बायका मातीला येत नाहीत. मी होतो आणि आमचा सालदार कडुबा. कडुबाही आता नाही.

सोमवारी जेसीबी येणार. शेत विकलं — सही मीच केली! गोडाऊन होणार म्हणे. त्याआधी तिला काढून पैठणला गोदेत सोडायचं. माती आणि वाळे, दुसरं काय उरलं असणार?

सत्यभामेला गारखेड्याच्या घरी सांगून आलोय, मोजणी आहे. इतकी वर्षं तिच्यापुढं या जागेचं नाव काढलं नाही. आता कोणत्या तोंडानं काढू?

१४ मे

गयासकडून मशीन आणलं. माझा जुना विद्यार्थी. जमिनीत गडप झालेले पाइप, व्हॉल्व्ह शोधून देतो. दांड्याच्या टोकाला गोल थाळी लागते. त्यानं दोन पुढं ठेवल्या — एक सहा इंची, एक पंधरा इंची.

"सर, बडी थाळी खोल देखती, पर बारीक चीज छोड देती. छोटी बारीक पकडती, पर हातभरच. तुमची चीज केवढी?"

म्हणालो, "बैलाच्या गळ्यातली घंटा."

"मग बडीच न्या! बैल सापडला तर तोबी आणा."

हसला. मीही हसलो. मेल्यासारखा.

१५ मे

वाटलं होतं, जागा पायांना पाठ आहे. त्या दिवशी माती लोटून परतताना रडू दाबायला मनात शाळेतली कविता म्हणत होतो. पावलागणिक एक शब्द. दोन कडवी संपली आणि विहीर आली. म्हणून आज विहिरीपासून उलटा निघालो, तीच दोन कडवी म्हणत. शब्द एकही विसरलो नाही. पण पंचविशीतली ढांग कुठून आणू? प्रत्येक शब्दाला वीतभर कमी पडतोय!

सापडलं ते — मोडका फाळ, डब्याचं झाकण, काटेरी तार.

१६ मे

काही नाही.

पुतण्या सुदर्शन बांधावरून ओरडला, "नाना, लई ऊन हाय! आन् सोनं घावलं तर अर्धं माझं बरं का!"

१७ मे, शनिवार

राहवेना. सकाळी गयासला फोनवर खरं सांगितलं. तो म्हणाला, "सर, पयले बोलना था ना. वो बडी थाळी वाळ्यांवरून नुसती फिरून जाईल. छोटी भेजता."

दुपारी छोटी आली. लावली. वाकून वाकून कंबर गेली. आणि एकदम आठवलं — गेल्या दुष्काळात धरणातला गाळ आणून याच तुकड्यात पसरला होता! सुदर्शन म्हणाला होता, "नाना, एवढा थर कशाला?" मीच हट्टानं दोन-दोन फूट टाकायला लावला. कसली हौस! पिकं डोलतील, त्यावर कवितेच्या चार ओळी सुचतील... पोरीच्या अंगावर ओझं टाकलं मी. बापानं!

मोठीला ती दिसत नाही. लहानी तिच्यापर्यंत पोचत नाही. गाळाचंही गयासला कळवलं. आणि उरला एक दिवस.

१८ मे, रविवार सकाळ

मशीन उचललं, तोच दार वाजलं. वाटलं, जेसीबीवाला आजच आला. उघडलं — सत्यभामा! गुडघ्याला पट्टा, हातात काठी. मागं टेम्पोपाशी गयास, मान खाली घातलेला.

"अहो, ते मशीन ठेवा खाली. त्या गाळाच्या तुकड्यात ती नाहीच. वरच्या बांधाला आहे, कडुबानं तिसऱ्याच दिवशी दाखवली मला. तुमची बदली होईस्तोवर, तुम्ही शाळेत गेलात की यायची मी."

"आणि एका शब्दानं बोलली नाहीस?"

"तुम्हाला सोसलं नसतं."

ती पुढं निघालीसुद्धा. जातो.