न्यायचा की घरीच ठेवायचा

३ नोव्हेंबर, सोमवार

थंडी अद्याप नाही. पहाटे पंखा बंद केला, एवढेच.

पल्लवीला काम मिळाले. सकाळी चहाचा कप ठेवताना सुनेने थेट मला सांगितले, "बाबा, पुण्याच्या कंपनीचं आलं. एक डिसेंबरपासून." सॉफ्टवेअर लिहिण्याचेच काम, कंत्राटी. घरून केले तरी चालेल, पुण्यात राहून कार्यालयात आल्यास अधिक चांगले, असे त्यांनी कळवले आहे. अट एकच. लॅपटॉप स्वतःचा हवा. पूर्वीचा कंपनीचा होता. राजीनाम्याबरोबर परत केला.

तो राजीनामा देऊन ती पुण्याहून इकडे आली, त्याला दोन वर्षे होत आली. सौ.चे उपचार सुरू झाले होते. माझा मुलगा निखिल तिकडेच राहिला. दोघांपैकी एकाचा पगार चालू राहणे आवश्यक होते. कोणी यायचे हे मी ठरवले नव्हते. कोणी ठरवले, ते विचारलेही नाही.

सौ. ऑगस्टमध्ये गेली. प. अजून इथेच आहे. परत जा असे तिला कोणी म्हटलेले नाही. राहा असेही नाही.

"अभिनंदन," म्हणालो.

६ नोव्हेंबर, गुरुवार

या वहीत 'सौ.' लिहीत राहावे की 'कै.' करावे, याचा विचार केला. 'सौ.' हे पती हयात असण्यावर अवलंबून आहे. पती हयात आहे. बदल करीत नाही.

प.ची गरज विचारून घेतली. हिंगण्याच्या कारखान्यात आयुष्य खरेदी विभागात गेले. वापरणाऱ्या विभागाने मागणीपत्र दिल्याशिवाय आम्ही कोटेशन मागवीत नसू. तिने उभ्याउभ्याच सांगितले: रॅम सोळा जीबीच्या खाली नको, एसएसडी पाचशेची, कळफलक बरा. सत्तर हजारांच्या आत. आठ जीबी का नको? "आठात ब्राउझर उघडला का बाकीचं रडाले लागते, बाबा." पैसे मी देतो म्हणालो. "नाही. कामाचं हत्यार ज्याचं त्यानं घ्यावं."

दिवाळीच्या सवलतींत हेच स्वस्त पडले असते. यंदा घरात दिवाळी नव्हती.

एक नोंद. सौ. असताना प.चे माझ्याशी बोलणे तिच्यामार्फत होई. मी ताटावर समोर बसलेला असताना प. विचारी, "आई, बाबांले वरण वाढू का?" मग सौ. माझ्याकडे वळून, "वाढू म्हणते. घेता का?" आता ती मधली खिडकी बंद झाली. आम्ही दोघेही कर्ता नसलेली वाक्ये वापरतो. चहा ठेवला आहे. दूध आले आहे. दार लावून घेतले आहे.

८ नोव्हेंबर, शनिवार

सावनेरहून शकूचा फोन. धाकटी बहीण, बातमी तिला कशी पोहोचते, कळत नाही.

"दादा, वहिनीले वर्ष नाही झालं अजून. घरात नवी वस्तू काहून आणून राहिला गा?"

कामाचे साधन आहे, हौसेची वस्तू नाही, असे सांगितले.

"साधन म्हन का काही म्हन. कमवाले लागली का ते जाईन पुण्याले आपल्या नवऱ्यापाशी. मंग तुले भाकर कोन टाकून देईन? हाटेलात जाशीन का रोज?"

फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ऐकून राहिला का?"

ऐकत होतो.

१२ नोव्हेंबर, बुधवार

प.ला घेऊन बर्डीच्या बाजारात गेलो. ऑटोवाल्याने जाताना एक भाडे सांगितले, उतरताना दुसरे. प.ने पहिलेच दिले.

पहिले दुकान काचेचे. विक्रेता मुलगा, केसांना जेल. मला म्हणाला, "अंकल, बेटी कॉलेज में है?" सून आहे, सॉफ्टवेअर अभियंता आहे, असे सांगितले. त्याने आठ जीबीचा काढला. सोबत बॅग आणि माऊस फुकट. "आठ बहुत है मॅडम, मैं खुद यही चलाता हूँ."

"काय चालवतो त्यावर?" प.ने विचारले.

"पिक्चर."

प. हसली. बऱ्याच महिन्यांनी ऐकले.

दुसऱ्या दुकानाचे मालक वयस्क, शांत. सांगितलेले ऐकून घेतले आणि दोनच यंत्रे काउंटरवर ठेवली. एक जाड. मुळात खेळांसाठी बनवलेले, परंतु प्रोसेसर दणकट, पंखे मोठे, तासन्‌तास चालले तरी तापून मंदावत नाही. रॅम पुढे दुप्पट करता येते. वजन अडीच किलोच्या वर, चार्जर विटेएवढा, बॅटरी जेमतेम दोन तास. दुसरे पातळ. रॅम तेवढीच, पण बोर्डवर डाख देऊन पक्की केलेली, पुढे वाढणार नाही. प्रोसेसर थोडा मवाळ, किंमत किंचित जास्त. बॅटरी दिवसभर. प.ने ते एका हाताने उचलले आणि लगेच खाली ठेवले नाही.

मी जाड यंत्राची हमी, सुटे भाग, सेवा यांविषयी विचारू लागलो. मालकांनी मध्येच विचारले, "पहिले हे सांगा जी, कुठं न्यायचा राहते का घरीच ठेवायचा?"

"घरीच," मी म्हणालो.

त्याच वेळी प. म्हणाली, "न्यावा लागीन."

मालकांनी दोघांकडे पाहिले. "असं करा, घरी ठरवून या. मी कुठं पळून चाललो?"

परतताना कोणी विषय काढला नाही. ग्रेट नाग रोडवर बराच वेळ अडकलो.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

पुन्हा तपासले. किंमत, वेग, थंड राहणे, पुढील वाढ: चारही निकषांवर जाड यंत्र सरस. त्यात माझी चूक नाही.

परंतु नोकरीत एक प्रकार नेहमी येई. एखादा विभाग मागणीपत्र असे लिहून पाठवी की एकच पुरवठादार त्यात बसावा. प्रत्येक अट स्वतंत्रपणे योग्य असे. आम्ही ते परत पाठवीत असू.

कारणे खरी होती. त्यांचा क्रम मी लावला होता. वजन शेवटी.

सायं. वीज गेली. प. अंधारात म्हणाली, "त्या जाड्याची बॅटरी दोन तासच राहते म्हणा." कोणाला उद्देशून, ते स्पष्ट नव्हते.

१५ नोव्हेंबर, शनिवार

नि.शी फोनवर बोललो. प. भाजी आणायला गेली होती, म्हणून.

"तिला जो पाहिजे तो घेऊ द्या ना, बाबा."

तिला कोणता पाहिजे?

"तुम्हीच विचारा ना."

तू विचारलेस?

मग: "विचारलं का एकच म्हणते, बाबांचं कसं होईल." पुढे म्हणाला: "तुम्हीच या ना इकडे. एक खोलीचं घर घ्यावं लागेल, पण पाहू ना काही."

वर्षश्राद्ध याच घरातून व्हावयाचे आहे, असे कळवले. ते खरे आहे. त्यानंतरचे त्याने विचारले नाही.

सध्या तो तिकडे दोन मित्रांबरोबर राहतो. आवाज खोल गेल्यासारखा वाटला. खोकला झाला का, विचारायचे राहिले.

१७ नोव्हेंबर, सोमवार

वेगळ्या विषयाची चौकशी केली: जेवणाचा डबा. तीन ठिकाणी विचारले. पहिले दोघे फक्त विद्यार्थ्यांना देतात. एक जण म्हणाला, वयस्कांची तक्रार फार असते. तिसऱ्या मागच्या गल्लीतील सुनंदाबाई. दारातच मुलाखत.

"तिखट कसं पायजे, काका?"

मध्यम.

"आपल्या नंदनवनात मध्यम कोनी खात नाही. पण तुमच्यासाठी करून देईन. किती मानसं?"

एक, म्हणालो. उच्चारताना अडचण आली नाही.

पुढल्या सोमवारी नमुन्यादाखल एक डबा पाठवण्यास सांगितले. प.ला अद्याप सांगितलेले नाही. व्यवस्था निश्चित झाल्यावर सांगणे बरे. म्हणजे तिला जाताना माझ्याविषयी काही ठरवावे लागणार नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

मी अंघोळीला गेलो असता भ्रमणध्वनी वाजला. तो प.ने घेतला. सुनंदाबाईंना, एका माणसाच्या डब्यात वांगे चालेल का, एवढेच विचारायचे होते.

बाहेर आलो तेव्हा प. दिवाणखान्यात उभी होती.

"बाबा, माझ्या हातचं कडू झालं का?"

नाही, म्हणालो.

"मंग डबा काहून? तोही एका माणसाचा?"

पर्यायी व्यवस्थेची चौकशी आधी करून ठेवणे योग्य असते, असे मी म्हणालो. हेच शब्द होते. लिहिताना वाचले, कार्यालयीन वाटतात.

"म्हणजे मी गेल्यावरची."

ती खाली बसली. ती चिडल्याचे मी पूर्वी पाहिले नव्हते, सौ.ने पाहिले असेल. "दुकानात तुम्ही म्हटलं, घरीच. मले नाही विचारलं. आता डबा लावून मले पुण्याले पाठवून राहिले. तेव्हाही नाही विचारलं. आईनं तरी काय, फोन करून म्हटलं, येतेस का वं? त्याले काय विचारणं म्हणते का? कोण नाही म्हणेल?" मग आवाज उतरला. "मी आले त्याचा पस्तावा नाही, बाबा. एक दिवस नाही. पण आता पुन्हा कोणी ठरवून नका देऊ."

सौ.ने फोन केला होता, हे मला आज कळले.

दोन्ही वेळा मी विचारले नव्हते, हे तिचे म्हणणे बरोबर आहे. एकदा थांबवण्यासाठी, एकदा पाठवण्यासाठी. पद्धत तीच.

म्हणून विचारले. "तुला काय हवे आहे?" तिला 'तू' म्हटल्याचे नंतर लक्षात आले. तिच्या लक्षात आले की नाही, सांगता येत नाही.

ती म्हणाली, "तिकडे नि. आहे. इकडे..." तिने स्वयंपाकघराकडे पाहिले. "मले माहीत नाही. माहीत झालं का सांगते. तोपर्यंत डबा येऊ द्या. पाहू तरी मध्यम म्हणजे काय राहते."

रात्री वांग्याचे भरीत केले तिने. जहाल तिखट. दोनदा घेतले.

२२ नोव्हेंबर, शनिवार

लॅपटॉप घेतला. पातळ.

दुकानात या वेळी मी खुर्चीवर बसून राहिलो. प.ने स्वतःच बोलणी केली. ताकदीत जाड यंत्र सरस आहे, हे मालकांनीही सांगितले. तिचे उत्तर: जड काम कंपनीच्या सर्व्हरवर चालते, इथे लिहायचे आणि तपासायचे, त्याला सोळा जीबी पुरे. हे मी तिला विचारलेच नव्हते. ज्या ताकदीसाठी मी एवढे भांडत होतो तिची या कामाला गरजच नव्हती.

मालकांनी मला विचारले, "मंग ठरलं ना जी, न्यायचा?"

"त्यांना विचारा," म्हणालो.

प. म्हणाली, "हलका घेतला म्हणजे चालली असं नाही, काका. हलका घेतला म्हणजे जाता येते."

बिघाड झाल्यास त्यांचा माणूस घरी येऊन दुरुस्त करतो. त्यासाठी पत्ता नोंदवावा लागतो. कोणता टाकू, असे मालकांनी विचारले. मी भिंतीवरच्या प्रिंटरच्या जाहिरातीकडे पाहत राहिलो.

"सध्या नंदनवन. बदलता येते ना?"

"येते ना, ताई. केव्हाही."

शकूचा पुन्हा फोन. घेतला का, रंग कोणता. करडा, म्हणालो. "बरं झालं. काळा नाही ना?"

२४ नोव्हेंबर, सोमवार

किंचित थंडी. स्वेटर काढला, कपाटात कडुनिंबाच्या पाल्याचा वास.

प.चे यंत्र काल दिवसभर 'उभे करणे' चालले होते; काय काय उतरवून घ्यावे लागते, तिने मला दाखवले. काळ्या पडद्यावर अक्षरे भराभर वर जात होती. अर्थ कळला नाही. कंटाळा आला नाही. नि.ला व्हिडिओवर यंत्र दाखवले. त्याने वजन विचारले. तिने पडद्यासमोर तेच एका हाताने उचलून दाखवले आणि लगेच खाली ठेवले नाही. मी उठून आतल्या खोलीत गेलो.

दुपारी नमुन्याचा डबा आला. सुनंदाबाई स्वतः घेऊन आल्या. भाजी, वरण, पोळ्या, भात. प.ने झाकण काढून पाहिले. "हे मध्यम आहे? हे तर दवाखान्यातलं आहे, बाबा." तरी दोघांनी वाटून घेतला. पोळ्या कमी पडल्या. तिने दोन टाकल्या आणि पुन्हा आत कामाला बसली; यंत्र अजून पुरते तयार नाही म्हणाली.

सायं. सुनंदाबाई रिकामा डबा न्यायला आल्या. दारातच उभ्या राहिल्या.

"सूनबाईचं काम सुरू होऊन राहिलं म्हणते. मंग सैपाकाले वेळ कुठं राहीन तिले? एक तारखेपासून किती डबे लावू, काका? एक का दोन?"

आतल्या खोलीतून कळफलकाचा आवाज येत होता. तो थांबला.

"सांगतो," म्हणालो.

सुनंदाबाई गेल्या. आवाज पुन्हा सुरू व्हायला बराच वेळ लागला.