नायिकेला मिळालेली सात पानं

गजेंद्रभावजी,

"वाचा वहिनी, रडून मोकळ्या व्हाल," म्हणत तुम्ही दिलेली कादंबरी काल संपवली. रडू आलं नाही, तुमचा राग आला.

त्यातल्या नायिकेचा नवराही अचानक जातो. पण तिला लगेच कळतं, आणि ती सात पानं मनातल्या मनात त्याच्याशी बोलत राहते. मला सुरतेहून धुळ्याला नेताना तुम्ही म्हणालात, "दादाला नुसता ताप आहे." वाटेत कडोदऱ्याला चहा पाजलात. "तुमची खिचडी खाऊन उठून बसेल बघा!" मी हसले. ते जाऊन तेव्हा तीन तास झाले होते. गाडीत मी सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. पाच तास मी त्यांच्या पथ्याचा विचार करत बसले.

आज सकाळी पुन्हा तुमचा फोन. "आई गेली. वर्षाला म्हणा, आईचं बीपी वाढलंय. घेऊन या."

वर्षा, तुमची सख्खी बहीण, आत बॅग भरतेय. आईची कुठली औषधं घ्यायची, असं मला विचारतेय. हे पत्र पाठवत बसत नाही, आधी तिला खरं सांगते. गाडीतले पाच तास तिला आईसाठी रडू दे. तुम्हाला मला काय बोलायचं ते दारात बोला.

सरला