निळ्या स्वेटरचं तांबडं बटण

६ जानेवारी

आज टीव्हीवर आमचा स्वेटर दिसला.

निळा, आणि वरून तिसरं बटण तांबडं. ते बटण मी लावलेलं. आठ वर्षांची होते. निळं मिळेना म्हणून माझ्या फ्रॉकचं काढून लावलं. आता ऑल्टरेशनच्या दुकानात दिवसाला शंभर लावते, पण ते पहिलं. घरातल्या तिघांखेरीज ते कुणाला ठाऊक असायचं कारण नाही — मी, आई आणि ज्याचा तो स्वेटर होता तो धाकटा भाऊ.

धाकटा पाच वर्षांचा असताना आईनं त्याला एका मूलबाळ नसलेल्या जोडप्याला दिलं. लोकांना सांगितलं, तापात गेला. या मालिकेत खऱ्या घरांतली गुपितं दाखवतात, प्रेक्षकांनीच लिहून पाठवलेली. म्हणजे पत्र त्यानंच पाठवलं. म्हणजे तो आहे!

आई शेजारीच होती. तिला सात वर्षं ऐकू येत नाही. मालिकेतली माणसं काय बोलतात ते मी वहीत मोठ्या अक्षरांत लिहून दाखवते. तिनं वही माझ्यापुढे सरकवली. "काय म्हणतायत?"

पडद्यावर आई मुलाला परक्यांच्या हाती देत होती. मी लिहिलं — 'मुलगा बोर्डिंगच्या शाळेत चाललाय.'

८ जानेवारी

दुकानात दुसरा विषय नाही. आमचे टेलरमास्तर कात्री चालवता चालवता म्हणाले, "पोटचा गोळा देऊन टाकायचा म्हणजे काय?" पडदे आखूड करायला आलेल्या शिक्षिकाबाई म्हणाल्या, "जनावरंसुद्धा पिल्लाला टाकत नाहीत." कुणीतरी म्हणालं, बाईचं बाहेर जमलं असेल. त्यावर सगळे हसले. मी मान खाली घालून काजं करत होते.

ओठांवर आलं होतं — क्षय झाला होता हो तिला. बाबा आधीच गेलेले. डॉक्टरांनी सहा महिने दिले होते. आजार कळला असता तर काम गेलं असतं, म्हणून मोरीचा नळ सोडून खोकायची, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. मरायच्या आधी एकाची तरी सोय लावावी, एवढंच तिच्या डोक्यात. आणि मग मेलीच नाही. औषध लागू पडलं. धाकट्याला आणायला गेली तर त्या दारावर दुसऱ्याच नावाची पाटी. बदली झालेली, पत्ता कुणालाच माहीत नाही.

यातलं त्याला काही ठाऊक नाही. त्यालाही वाटतं, टाकलं.

१५ जानेवारी

मालिकेतली बहीण, म्हणजे मी, भाऊ गेल्यावर पलंगावर उड्या मारते. "आता सगळा पलंग माझा!"

नव्हत्या मारल्या मी उड्या. त्याची उशी पोटाशी घेऊन पडले होते. पण त्याला ते कुठून दिसणार म्हणा.

आईसाठी लिहिलं, 'बहिणीला शाळेत बक्षीस मिळालं.' आईनं वाचून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "हुशार दिसते पोरगी."

एक थाप झाकायला दुसरी. वहीत एक निराळीच मालिका तयार झालीय, आणि खरं सांगायचं तर मूळच्यापेक्षा बरी.

२० जानेवारी

आज भाग संपताना खाली पट्टी आली. गोष्ट पाठवणाऱ्याच्या इच्छेवरून — आई, असशील तर फोन कर. पुढे नंबर. मी ताडकन उठले आणि फडकं घेऊन टीव्हीची काच पुसायला लागले.

"बाजूला हो की गं, दिसत नाहीये," आई म्हणाली. पट्टी जाईपर्यंत पुसत राहिले.

नंबर पाठ झालाय. लावायला हात होत नाही. तिचं हृदय आता नाजूक आहे, तो दारात येऊन तिला वाट्टेल ते बोलला तर? असं मी स्वतःला सांगते. पण खरी गोष्ट वेगळी आहे. ती आजवर कुठेच लिहिली नाही. जोडपं दारात उभं होतं, त्यांना एकच मूल हवं होतं. आईनं मलाच विचारलं, "तू जातेस की तो?"

मी त्याच्याकडे बोट दाखवलं.

२३ जानेवारी

आईजवळचा जुना मोबाइल आजही बंद पडलेला. पडली-झडली तर तिनं एक बटण दाबायचं, दुकानात वाजलं की मी धावत यायचं, एवढ्यासाठीच तो. कुणी वापरत नाही तरी बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकत नाही. म्हातारा झालाय.

३ फेब्रुवारी

शिक्षिकाबाई पडदे न्यायला आल्या. म्हणाल्या, "मी दुपारी तीनला परत बघते. घरात कुणी नसतं, निवांत रडता येतं."

दुपारी परत लागतं! तीनला मी दुकानात असते. टीव्हीपुढे उभं राहायला कोण असतं?

घरी आले. आई रुमालांच्या घड्या घालत होती, नेहमीसारखी. वहीत विचारलं, 'दुपारी काय करतेस?'

"झोपते. आणखी काय करणार?"

जीव भांड्यात पडला.

११ फेब्रुवारी

गोष्ट संपली. मालिकेतली आई एकटी मरते. मास्तर म्हणाले, "केलं तसं भरलं." सगळ्यांना बरं वाटलं. मला कोपऱ्यातल्या मशीनमागे जाऊन रडावं लागलं, बॉबिन शोधायच्या निमित्तानं.

आईसाठी लिहिलं, 'सगळे भेटले.' तिनं दोनदा वाचलं. वही मिटली, माझ्या हातावर हात ठेवला.

"छान लिहितेस."

१४ फेब्रुवारी

मोबाइलला नवी बॅटरी घातली. केलेल्या फोनच्या यादीत एकच नंबर, सतरा वेळा. जवळजवळ रोज, दुपारी साडेतीनला. मला पाठ असलेलाच.

आई आत पडली होती. मी तोच नंबर लावला. लगेच उचलला.

"बोल आई. आज संध्याकाळी कसा काय फोन?"

मी मोबाइल दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"बरं, नको बोलूस. मी आहे. तुला ऐकू येत नाही, तरी रोजचं तेच सांगतो — ताईवर माझा राग नाही. आठ वर्षांची होती ती."