चिकूच्या बागेतला खड्डा

३ फेब्रुवारी

बागेत लाल खुंट्या! न विचारता, न सांगता. सकाळी पाणी सोडायला गेले, तर जुन्या चिकूंच्या ओळीत ठोकलेल्या. मोजणीवाला अजून तिथेच होता. म्हणाला, "बाई, इथे विजेचा टॉवर येणार. मोठी लाइन आहे, तारांखाली उंच झाड चालत नाही." कुठली झाडं जाणार, विचारलं. त्याने हातानेच दाखवलं — अख्खी ओळ.

या ओळीवर तर आमची रोपवाटिका उभी आहे. खिरणीच्या रोपावर चिकूचं कलम बांधायचं, ते याच झाडांच्या काडीचं. झाडं गेली की काड्या कुठून आणू?

तो गेल्यावर खुंट्या उपटल्या आणि पाणी तापवायच्या चुलीत घातल्या. छान पेटल्या.

४ फेब्रुवारी

हे नीट जेवले नाहीत. "सरकारी कामात आडवं जायचं नसतं." म्हटलं, मग तुम्ही खुशाल आडवे व्हा. मी उभी राहते.

९ फेब्रुवारी

शाळेच्या हॉलमध्ये सभा. कंपनीचा साहेब, पडद्यावर रंगीत नकाशा. आमची बाग त्यात नुसतीच पांढरी — जणू तिथे काही उगवतच नाही. साहेब हसून म्हणाला, "घरात दिवे तर सगळ्यांनाच हवेत ना?"

उठलेच मी. म्हटलं, हवेत की. लाइन नकोच असं कोण म्हणतंय? पण कागदावर रेघ ओढण्याआधी एकदा तरी पायी इकडे आलात का?

साहेब पाणी प्याला. मागून दूधवाला म्हणाला, "बरोबर बोलतायत वहिनी." मग शिंपीणबाई उठली, मग सगळेच बोलायला लागले.

१७ फेब्रुवारी

यंत्र आलं. टॉवरच्या पायाचा खड्डा अर्धा खणून माणसं जेवायला गेली, तशी मी खाली उतरून बसले. दूधवाला आणि शिंपीणबाई काठावर.

दुपारी नणंद आली — नदीपलीकडून, भर उन्हात चालत. आमचं दोघींचं कधी पटलं नाही. माझ्या हातचा चहासुद्धा त्यांना आजवर गोड लागलेला नाही. वाटलं, आल्या चार शब्द सुनावायला. त्यांनी चपला काढल्या, पदर खोचला आणि खड्ड्यात उतरल्या.

"झाडं माझ्या वडिलांनी लावलीत, वहिनी. तू एकटीच कशी राखणार? सरक जरा."

यंत्रवाला वरून हात जोडत होता. "मावशी, बाहेर या हो. माझी नोकरी जाईल."

वन्सं म्हणाल्या, "तू जाऊन सावलीत बस. आमचं भांडण तुझ्याशी नाही. साहेबाला बोलाव."

१८ फेब्रुवारी

आजही खड्ड्यातच. साहेब आला नाही. कंबर मोडली. वन्सं बसल्या बसल्या घोरतात, ते आज कळलं.

२१ फेब्रुवारी

साहेब आला! काठावरून वाकून म्हणाला, "तुम्ही आधी वर तर या, मग बोलू." वन्सं म्हणाल्या, "तुम्हीच खाली या." बुटांकडे बघत बसला बिचारा.

तेवढ्यात हे आले. डबा माझ्या हातात दिला. वाटलं, परत जातील. तर धोतराच्या सोग्याने घाम पुसला आणि तेही खाली उतरले. साहेबाला म्हणाले, "आता आम्ही तिघं आहोत." बस्स, एवढंच. वन्सं पुटपुटल्या, "दादा, उशीर केलास."

मी डबा उघडला. तिघांनी खड्ड्यातच खाल्लं. काम थांबवून पुन्हा मोजणी करतो असं साहेबाने कबूल केलं, तेव्हाच वर आलो.

२ मार्च

जिंकलो. कंपनीचा माणूस घरी येऊन सांगून गेला — "तुमची बाग वगळली. लाइन दुसरीकडून नेतोय." दुपारी त्यांच्याच यंत्राने खड्डा बुजवला. मी संध्याकाळपर्यंत कलमं बांधत बसले. एकही पट्टी सैल बसली नाही.

६ मार्च

वन्संचा फोन. लाइन आता नदीपलीकडून जाणार. खुंट्या त्यांच्या गोठ्याला लागून.

इथे सगळे म्हणतात, आपलं सुटलं ना, आता गप्प बसा. वन्संनी एवढंच विचारलं, "वहिनी, येतेस?"

निघतेय. हे केव्हाचे गाडीत जाऊन बसलेत.