ब्लाउमायझेच्या पायातलं लाल काहीतरी

४ जानेवारी, शनिवार

मिळाला! सकाळपासून किचनच्या उघड्या खिडकीत बसून हातपाय गारठले, पण फोटो मिळाला. ब्लाउमायझे – निळी टोपी, पिवळं पोट, चिमणीहून लहान, आणि तोरा असा की बाल्कनीचं भाडं जणू तीच भरते. मीनल म्हणाली, "ऑफिसात बसतोस का रे इतका वेळ एका जागी?" नवऱ्याच्या कलेची घरात कदर होत नाही, हे जुनंच आहे.

दुपारभर लॅपटॉपवर साफसफाई. दाण्यांची जाळी पुसली. समोरच्यांची डिश अँटेना पुसली. पोटावरचं एक वाकडं पीस सरळ केलं. पायात लाल काहीतरी अडकलं होतं – प्लास्टिकचा तुकडा असणार – तेही पुसलं. डोळ्यात थोडी चमक घातली. आता बघा! लग्नात नवरीसुद्धा एवढी नटत नाही.

मूळ फाइल डिलीट केली. डिस्क भरलीय, आणि मीनलच्या मते ती माझ्या पाखरांमुळेच भरते.

५ जानेवारी

ओवीला फोटो दाखवला. लेकीला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. "पापा, दास इस्ट डोख काइन फोटो मेअर." हा फोटोच उरला नाही म्हणे! टीकाकार बाहेर शोधायला नको, घरातच जन्माला घातलाय.

८ जानेवारी

मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या फोटोस्पर्धेला पाठवला. 'फोटोत काहीही बदललेलं नाही' या ओळीसमोर बिनधास्त टिक केलं. मी बदललं काय? नीटनेटकं केलं फक्त. बदल तो मंडळातला रोहन करतो! त्याचा रॉबिन पक्षी ग्रुपवर आलाय – एका पायाला पाच बोटं. पक्ष्याला चार असतात, बाबा. कॉम्प्युटरकडून काढून घेतलाय हे शेंबडं पोरही सांगेल. खाली लाइकच्या अंगठ्यांचा पाऊस. धन्य ते मंडळ!

११ जानेवारी, शनिवार

जिन्यात हेर, म्हणजे श्रीयुत, लिंडनर भेटले – खालच्या मजल्यावरचे. म्हातारे, पण काठीसारखे ताठ, आणि हाउसऑर्डनुंग, म्हणजे इमारतीचे नियम, तोंडपाठ. वाटलं, टरफलं खाली पडतात म्हणून झापणार. झापलंच – पण खारे शेंगदाणे घातले म्हणून! पाखरांना मीठ सोसत नाही म्हणे. मीनलच्या चिवड्यातले उरलेले होते. आपल्यात अन्न टाकत नाहीत, हे जर्मन माणसाला कसं समजावू?

मग एकदम त्यांचा आवाज खाली आला. आयुष्यभर सुट्टीच्या दिवशी ते पक्ष्यांच्या पायात रिंगा घालायचे – कोण किती जगतं, कुठे जातं ते कळावं म्हणून. दोन वर्षांपूर्वी नजर अधू झाली, सोडावं लागलं. शेवटची रिंग त्या हिवाळ्यात, आमच्याच अंगणात. एका ब्लाउमायझेला. लाल. महिनाअखेर ते वृद्धाश्रमात राहायला जातायत. "तुम्ही सारखे खिडकीत असता, तुमची मुलगी सांगते. ती दिसली का हो कधी, हेर बापट? जगली की नाही, एवढं जाण्याआधी कळलं तर बरं वाटेल."

लक्ष ठेवतो म्हणालो.

लाल!! जिना चढलो आणि थेट लॅपटॉप उघडला.

१२ जानेवारी

मीनलला सगळं सांगितलं. फाइल परत मिळत नाही. कॅमेऱ्याचं कार्डही मीच कोरं केलं. शिस्तीचा माणूस ना मी! पुराव्याशिवाय त्यांना काय सांगणार? आणि कोणत्या तोंडाने? की तुमची शेवटची रिंग मी कचरा समजून पुसली?

१८ जानेवारी, शनिवार

संक्रांत मंगळवारी झाली, मंडळाची आज. जर्मनीत सूर्यसुद्धा वीकेंड बघूनच मकर राशीत शिरतो.

पहिलं बक्षीस मला! परीक्षक म्हणाले, "निसर्ग जसा आहे तसा." लाज वाटली. टाळ्या मात्र घेतल्या. रोहन तिळगूळ देताना कानात म्हणाला, "पाय फारच क्लीन आलेत हं तुझ्या पक्ष्याचे." चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक.

१९ जानेवारी

दिवसभर खिडकीत. बिनमिठाचे दाणे. ब्लाउमायझे आल्या, पण सगळ्यांचे पाय मोकळे. एक कबूतर येऊन निम्मा खुराक हाणून गेलं.

२५ जानेवारी, शनिवार

आजही नाही. खालून खोके बांधल्याचे आवाज येतायत.

शेवटी बक्षिसाच्या फोटोतच लाल रिंग रंगवली. सावलीसकट! खरीपेक्षा देखणी झाली. प्रिंट काढून पाकिटात घालत होतो, तेवढ्यात मीनल आली. "आधी खरी पुसलीस, आता खोटी घालतोयस? दत्ता, त्या आजोबांनी तुझ्याकडे फोटो मागितलाय का?"

पाकीट बंद केलं. तिचा राग आला. ती बरोबर बोलते तेव्हा जास्तच येतो.

२६ जानेवारी, रविवार

पाकीट घेऊन खाली गेलो. खोक्यांमधून वाट काढत हेर लिंडनरनी खुर्ची दिली, स्वतः भिंग घेऊन समोर बसले. पाकीट बाहेर काढवेना. सगळं सांगून टाकलं – कचरा समजून पुसली, मूळ फाइलही उडवली.

"पुसलीत, म्हणजे होती! कधी?"

"चार जानेवारीला."

"गेनाऊ, अगदी बरोबर! म्हणजे तिसरा हिवाळा, जगली!" त्यांनी टेबलावर थाप मारली. माझा हात धरून हसत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. फोटोचा त्यांनी विषयसुद्धा काढला नाही.