एकच कवच दोघांना

रामघाट, काशी
गुरुवार, १२ मार्च १९९८

चि. सौ. इंदू हिस वासुदेवदादाचे आशीर्वाद. प्रयागच्या घरचा जिना तुझे गुडघे अजून चढू देतात का, ते कळव.

आज सकाळपासून कानात पळीचा आवाज आहे. अप्पा ताम्हनावर पळीने ठेका धरत आणि आपण दोघं शाळेच्या कविता म्हणत असू. चाल चुकली की पळी थांबायची. तशी ती आज सारखी मध्येच थांबते आहे, आणि मला घास गोड लागत नाही.

आपली मधुवंती (नात माझी, पण डोकं तिच्या आजीचं) विद्यापीठात संगणक शिकते. तिने आणि मैत्रिणींनी दोन वर्षं खपून तिथल्या यंत्रांवर युद्धाचा एक खेळ रचला आहे. चित्र एकही नाही, सगळं अक्षरांत. मुलं वेगवेगळ्या यंत्रांवर बसून तारेतून एकमेकांशी लढतात. महालांची वर्णनं लिहायला तिने मला घेतलं, त्यासाठी खेळात वस्तू घडवण्याचा अधिकारही दिला. मी ओव्या रचल्या. (मराठी ओव्या, इंग्रजी अक्षरांत. मुलं न वाचताच पुढच्या दालनात पळतात. एकजण मंत्र समजून नमस्कार करून गेला म्हणे.)

मग स्पर्धा लागली. वसतिगृहातला एक मुलगा घरी येऊन पाया पडला. परीक्षेमुळे सरावाला वेळ नाही, पंडितजी, काही उपाय करा, म्हणाला. आता ज्याला वेळ नाही त्याच्या नावाने जप करून पुण्य त्याच्या पदरात घालायचं, हे आपल्या घरात चार पिढ्या चाललेलं. मी नाव-गोत्र विचारलं, एकावन्न रुपये दक्षिणा घेतली आणि कुठलंही शस्त्र लागणार नाही असं कवच त्याला घडवून दिलं. दोन दिवसांनी दुसरा आला. त्यालाही दिलं. एकाच खटल्यातले वादी आणि प्रतिवादी दोघेही जयासाठी अप्पांना अनुष्ठान सांगायचे आणि अप्पा दोन्ही सारख्याच मनापासून करायचे, ते तू पाहिलं आहेस. (फरक इतकाच, की अप्पांची अनुष्ठानं इतकी हुकमी कधी लागू पडली नाहीत.)

नेमके तेच दोघे अंतिम फेरीत आले. सोमवारी सुरू झालेली लढत आज गुरुवारीही चालूच आहे. वारावर वार होतात, मरत कोणीच नाही. मधुला वाटतं, तिच्याच रचनेत चूक आहे. कागदांच्या भेंडोळ्यात डोकं घालून बसते, जेवत नाही. शनिवारपर्यंत चूक सापडली नाही तर खेळ पुसून टाकू, असं तिच्या सरांनी सांगितलंय. दोन वर्षांचं काम, इंदू. मी रोज सांगायला तोंड उघडतो आणि 'भात घे' एवढंच बाहेर पडतं.

बाकी इकडे सर्व ठीक.

तुझा
वासुदेवदादा

ता. क. खरं म्हणजे पत्र यासाठीच लिहिलं. मधु तुझं ऐकते. माझ्या वतीने तूच तिच्यापाशी कबुली दे. दक्षिणा म्हणून ते सगळे रुपये पाठवतो (कवितांच्या एका वहीपुरते कमी).

ता. क. २. पाकीट चिकटवत होतो तोच कडी वाजली. दारात तू, हातात पिशवी, दुसऱ्या हाताने गुडघा धरलेला. उंबऱ्यातूनच म्हणालीस, "दादा, मधुला कवचांचं सगळं कळलंय. तुझ्याशी बोलायचा तिला धीर होईना, म्हणून तिने मला नेमलंय." तू पाय धुते आहेस तोवर हे लिहितो आणि पत्र तुझ्या हातातच देतो. आता दोन्ही पक्ष तुझ्याकडे आले. अप्पांसारखंच मनापासून कर.